धंतोलीच्या घरांतील कागदी फुले

नागपुरात कागदाचे फूल मुलांच्या हाती आले ते सणांच्या मागून. रंगीत पातळ कागद बाजारात मिळू लागण्याआधी टिकाऊ फुलांची गरज भेंड आणि बेगड या दोन वस्तू भागवीत. भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाचा पांढराशुभ्र, अतिशय हलका गाभा. धारदार सुरीने त्याचे पातळ पापुद्रे सोलून काढता येतात आणि ते वळवले की पाकळीचा आकार धरतात. बेगड म्हणजे कथलाचा रंगीत, चकाकणारा, तलम पत्रा. नवरानवरीची बाशिंगे या दोहोंची होत. श्रीमंतांच्या वरातीपुढे कागद, अभ्रक आणि बेगड यांची नकली झाडे मिरवत आणि मिरवून झाली की लोकांनी ती लुटावी, अशी चाल होती. मोहरमचे ताबूतही बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांचेच. हे सगळे काम कसबी कारागिरांचे होते. मुलांचा वाटा फार तर त्या झाडावरचे एखादे फूल हिसकावून घेण्यापुरता.

घरात बसून मुलांनी कागद कातरावा, ही गोष्ट कागद स्वस्त होईपर्यंत संभवत नव्हती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला तयार होणारा देशी हातकागद जाड असे. शाई फुटू नये म्हणून त्याला खळ लावून तो घोटत. वह्या, पत्रे, सनदा आणि पोथ्या यांच्यासाठी तो जपून वापरला जाई. असला ताव फुले करायला मुलाच्या हाती कोणी दिला नसता. शिवाय तो पाकळीसारखा वळतही नाही. गिरणीचा पातळ कागद आणि कृत्रिम रंग एकत्र आले तेव्हा चित्र पालटले. विल्यम पर्किनला १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि पुढच्या काही दशकांत किरमिजी, हिरवे, पिवळे असे भडक रंग कवडीमोलाने मिळू लागले. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल थेट इतवारीच्या ठोक बाजारात येऊ शकला.

पातळ रंगीत कागदाला नागपुरात गिऱ्हाईक आधीपासून तयार होते, ते पतंगाचे. संक्रांतीच्या सुमारास शहरात पतंगांना जे उधाण येते त्याला जुनी शुक्रवारीसारख्या भागातले कारागीर कागद, कामट्या आणि मांजा पुरवत आले आहेत. पतंगी कागद तावाने मिळे, चोवीस तावांचा दस्ता होई. पतंग कापताना उरलेल्या चिंध्याही फुलांना पुरतात. मुलांच्या हातच्या कागदी फुलांचा पहिला कच्चा माल या पतंगाच्या दुकानातून आला, असे मानणे सयुक्तिक ठरते.

या फुलांना घरात खरे काम मिळाले ते तान्ह्या पोळ्यामुळे. विदर्भात श्रावण अमावास्येला शेतकऱ्यांचा पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा. ही प्रथा सुरू करण्याचे श्रेय परंपरेने नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांना (कारकीर्द १७८८ ते १८१६) दिले जाते. शहरातल्या मुलाला खऱ्या बैलाशी खेळता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी चाके लावलेला लाकडी बैल. मोठ्यांच्या पोळ्यात बैलांच्या शिंगांना बेगड लावतात, कपाळावर मटाटी बांधतात, गळ्यात घुंगरमाळा घालतात, पाठीवर झूल टाकतात आणि त्यांना आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करून झडत्या, म्हणजे पोळ्याची पद्ये, म्हणतात. तान्ह्या पोळ्यात हेच सगळे लहान प्रमाणात होते. मुले बैल ओढत तोरणाखाली आणतात, पाठ केलेल्या झडत्या म्हणतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात. त्याच दिवशी महाल-इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे नावाचे पुतळेही निघतात. कागद आणि कामट्यांची ती आणखी एक मोठी नागपुरी कला. मारबतीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली आहे. तान्हा पोळा तिच्याहून जुना.

लाकडी बैलाच्या सजावटीत कागदच का, याचे उत्तर मापात आहे. वीतभर उंचीच्या बैलाच्या गळ्यात खऱ्या झेंडूची माळ घातली तर त्याचे तोंडच झाकते. शेवंतीची दोन फुले ठेवली की पाठ भरते. कागदाचे फूल मात्र बैलाच्या मापाने कातरता येते. गळ्यासाठी बोराएवढे झेंडू, शिंगांच्या टोकांना वाटाण्याएवढ्या कळ्या, झुलीच्या काठाला झिरमिळ्या. शिवाय ते मुलाने स्वतः केलेले असते आणि दुसऱ्या मुलाच्या बैलाशी त्याची तुलना होणार असते. चौकाचौकांत सजावटीच्या स्पर्धा सुरू झाल्यावर या कामाला आणखी धार आली. मुलांच्या कागदकामाला इतका स्पष्ट आणि इतका आनंदाचा हेतू देणारा दुसरा सण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी गणपती येतात आणि आणखी काही दिवसांनी महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या विदर्भात महालक्ष्म्या, आणि नागपूरच्या घरांत हा तीन दिवसांचा कुळाचार गणपतीपेक्षाही मोठा मानला जातो. मुखवटे, साड्या, दागिने, सोळा भाज्यांचा नैवेद्य हा मोठ्यांचा विभाग. भिंतीवरच्या साखळ्या, पताका, कमानीवरची फुले हा मुलांचा. पाठोपाठ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई. ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोबा बसवायचे, गाणी म्हणायची, झाकलेली खिरापत ओळखायची. म्हणजे श्रावण अमावास्येपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुलांच्या हातांना सजावटीचे काम सतत असे. नागपुरातल्या कागदी फुलांचा हंगाम तो हाच.

अडचण एवढीच की हा हंगाम पावसाळी हवेचा. दमट हवेत कागद मऊ पडतो, पाकळ्या लोंबतात आणि कच्च्या रंगाचा कागद भिंतीला टेकला की डाग सोडतो. म्हणून फुले आधी करून पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवायची आणि सणाच्या आदल्या रात्री बाहेर काढायची, हा शहाणपणाचा मार्ग. काही ठिकाणी गुलाब वितळलेल्या मेणात बुडवून काढत. त्यामुळे पाकळ्यांना तुकतुकी येते आणि पाणी आत शिरत नाही. मात्र ते काम मोठ्यांनी करायचे. आणि फुले आधी करून ठेवायला वेळ मिळे तो उन्हाळ्याच्या सुटीत. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, आणि परडीतली खरी फुले सकाळी आणलेली संध्याकाळपर्यंत माना टाकतात. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत शांत बसून करण्याजोगी जी थोडी कामे होती त्यांत कागदकाम होते. पुढे कूलर आले आणि कूलरच्या ओल्या वाऱ्याने क्रेप कागद सैल पडू लागला. फुले करताना झोतापासून दूर बसावे लागे.

धंतोली ही या सगळ्याला पोषक अशी वस्ती होती. सीताबर्डीच्या दक्षिणेला, वर्धा रोड आणि रेल्वेमार्ग यांच्या आसपास पसरलेला हा भाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वकील, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी नोकर यांच्या बंगल्यांनी भरला. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. शेजारच्या काँग्रेसनगरला नाव मिळाले ते १९२० च्या डिसेंबरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनामुळे. धंतोलीतला रामकृष्ण मठ १९२८ चा. महाल आणि इतवारीतले सण जुन्या वाड्यांतून इथे आले, पण इथली घरे वेगळी होती: पडवीऐवजी व्हरांडा, अंगणाऐवजी बाग, घरात पुस्तके आणि मासिके, आणि मुलांच्या शिक्षणाविषयी नव्या कल्पना ऐकलेले आईवडील. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांमुळे आलेली बंगाली कुटुंबेही या परिसरात होती. धंतोलीच्या दीनानाथ हायस्कुलात बंगाली समाजाची दुर्गापूजा होते. बंगालमध्ये दुर्गेचा साज ज्या शोल्याचा करतात तेच मराठी मुलखातले भेंड. बाशिंगातले साहित्य देवीच्या मुकुटावर पाहायला मिळणे हे या वस्तीचे एक वैशिष्ट्य.

नव्या कल्पनांची वाट लांबून आली होती. जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. त्याच्या पद्धतीत मुलांच्या हातांसाठी ठरावीक उद्योग होते. कागद टोचणे, पट्ट्या विणणे, घड्या घालणे, कातरणे, चिकटवणे हे त्यांतले. ही पद्धत इंग्लंडमार्गे हिंदुस्थानातल्या शाळांत आली. मद्रासला टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले आणि त्याची कल्पना आपल्याला किंडरगार्टनच्या साहित्यावरून सुचली, असे त्यात नोंदवले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याने त्या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. चौकोनी कागदातून पंचकोन कसा काढायचा हे त्यात समजते, आणि पाच पाकळ्यांचे फूल नेटके कातरायला नेमके तेच ज्ञान लागते.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार घरोघरी नेला तो प्रामुख्याने ताराबाई मोडक यांनी. लग्नानंतरची त्यांची काही वर्षे अमरावतीत गेली. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. हे बालमंदिर १९२० मध्ये सुरू झालेले. नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या ‘शिक्षणपत्रिके’ने मुलाला स्वतःच्या हातांनी काम करू द्यावे, हे मराठी पालकांच्या मनावर बिंबवले. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि दोघींनी विकतच्या साहित्यापेक्षा पाने, बिया, शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंवर भर दिला. घडीकाम, कातरकाम, चिकटकाम हे शब्द बालवाड्यांतून रूढ झाले आणि तिथून घरी आले.

नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला याच काळात अगदी निराळा विचार चालू होता. मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे इतर उद्योगांबरोबर हातकागदालाही पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. तिच्यात हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता, पण तो सूतकताईसारखा उत्पादक हवा होता. कागदाचे फूल या कसोटीला उतरत नाही. ते कापड देत नाही, धान्य देत नाही, विकून शाळेचा खर्च भागवत नाही. तरीही वर्ध्याच्या या आग्रहाने वैदर्भीय मध्यमवर्गावर एक मोठा परिणाम केला: हाताने काम करणे कमीपणाचे नाही, ही जाणीव त्यांच्या घरांत आली. फ्रोबेलने कागदकामाला शिस्त दिली, वर्ध्याने हाताला प्रतिष्ठा दिली. पण मुलाला कागद घेऊन बसावेसे वाटले ते या दोघांमुळे नव्हे, बैल सजवायचा होता म्हणून. शिक्षणाच्या इतिहासात या तिसऱ्या कारणाची नोंद सहसा होत नाही आणि ती व्हायला हवी.

घरात होणाऱ्या फुलांचे प्रकार थोडे आणि ठरलेले होते. सर्वांत सोपा झेंडू. पतंगी कागदाचे पाचसहा चौकोन एकावर एक ठेवायचे, पंख्यासारख्या चुण्या घालायच्या, मध्ये दोऱ्याने आवळायचे, दोन्ही टोके कात्रीने गोल कातरायची आणि एकेक थर अलगद वर ओढत मधोमध आणायचा. चारपाच वर्षांच्या मुलालाही हे जमते, मात्र शेवटचे थर उलगडताना घाई केली की कागद गाठीपाशी फाटतो. शेवंतीसाठी दोन-तीन बोटे रुंदीची लांब पट्टी घेऊन एका काठाला दाट काप द्यायचे, खालचा काठ अखंड राखायचा आणि खराट्याच्या हिराभोवती पट्टी घट्ट गुंडाळत जायचे. आतले वळसे घट्ट आणि बाहेरचे सैल ठेवले तर फूल उमललेले दिसते. कापांची टोके कात्रीच्या पात्यावरून हलकेच ओढली की ती आत वळतात.

गुलाब अवघड. त्याला क्रेप कागद हवा, म्हणजे बारीक सुरकुत्यांचा, ताणला की वाढणारा. सुरकुत्या उभ्या येतील अशी पाकळी कातरावी लागते. मग दोन्ही अंगठे मध्यावर ठेवून कागद आडवा ताणला की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. सुरकुत्या आडव्या धरून कातरलेली पाकळी कितीही ताणली तरी सपाटच राहते. फूल बिघडते ते बहुतेक या एका चुकीने. पाकळीचा वरचा काठ विणकामाच्या सुईवर किंवा पेन्सिलीवर गुंडाळून बाहेर वळवायचा, आधी गुंडाळी केलेल्या गाभ्याभोवती लहान पाकळ्या, मग मोठ्या, प्रत्येक आधीच्या दोहोंच्या फटीवर येईल अशी. देठाला तार, तिच्यावर हिरव्या कागदाची तिरपी गुंडाळलेली पट्टी. अमेरिकेतल्या डेनिसन कंपनीने क्रेप कागद आणि त्याची फुले करण्याच्या पुस्तिका विकून ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर नेली होती.

चिकटवायला खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे तिला कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत ते टाळायचे आणि खळ रोज ताजी करायची. बाभळीचा डिंक अधिक पक्का, पण पतंगी कागदावर त्याचा पिवळसर डाग उठतो.

स्वातंत्र्यानंतर कागद इथल्याच भूमीतून येऊ लागला. चांदा जिल्ह्यातल्या बल्लारपूरला बांबूपासून कागद करणारी गिरणी उभी राहिली. वृत्तपत्री कागदासाठी नेपानगरचा कारखाना उभारला गेला. दुकानांत घोटीव कागद, जिलेटीन, कार्डशीट, मार्बल पेपर असे नवे प्रकार दिसू लागले. शाळेच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा तास होताच. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनंतर त्याचे कार्यानुभव झाले. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाले, नागपूरचे स्वतःचे ‘मुलांचे मासिक’ तर त्याआधी कित्येक दशके घरोघरी जात होते. कार्यानुभवामुळे एक तोटाही झाला, तो मान्य केला पाहिजे. गुणांसाठी फूल करायचे म्हटल्यावर ते आईने करून द्यायची वस्तू झाली.

खरी गळती लागली ती प्लॅस्टिकमुळे. हाँगकाँगच्या कारखान्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत प्लॅस्टिकची फुले जगभर पसरवली आणि पुढे ती इथेही स्वस्त झाली. धुता येणारे, वर्षानुवर्षे टिकणारे फूल दिवाणखान्याच्या फुलदाणीत बसले. त्यानंतर थर्माकोलची मखरे आली, कोरीव, पांढरीशुभ्र आणि बाजारात तयार. मुलांच्या वाट्याला सजावटीतले काहीच उरले नाही. धंतोलीही बदलली. बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या आणि हा भाग शहराच्या रुग्णालयांचे केंद्र बनला. महालक्ष्म्या बसतात, तान्हा पोळा होतो, पण बैलाची झूल आणि माळ विकत आणली जाते.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा कागदाला पुन्हा मागणी आली. कागदी मखरे, घडीची कमळे, कागदी पंखे बाजारात दिसू लागले. दोन वर्षांनी टाळेबंदीत मुले घरात अडकली आणि फोनच्या पडद्यावर पाहून फुले करणे हा त्यांचा एक मोठा विरंगुळा झाला. या दुसऱ्या पर्वातले फूल मात्र जुन्यासारखे नाही. आजच्या मुलाला सहज मिळतो तो छपाईयंत्राचा रंगीत ए-फोर कागद. तो जाड असतो, ताणला जात नाही, चुण्या घातल्या तर कडांना पांढरट रेष उमटते. त्याचा गुलाब गोल चकतीला गोगलगायीच्या वळणाने कातरून गुंडाळलेला असतो, पाकळी पाकळी जोडलेला नव्हे. आणि उरलेली बहुतेक फुले घड्यांची असतात, जपानी ओरिगामीतून आलेली. पतंगी कागदाचा झेंडू अजून टिकून आहे, कारण नागपुरात संक्रांतीला पतंगाचा कागद अजून तावाने मिळतो. क्रेपचा गुलाब, त्याच्या उभ्या सुरकुत्यांचे आणि अंगठ्यांनी ताणण्याचे तंत्र, हे मात्र आता मोजक्या घरांतल्या आजींपाशीच राहिले आहे.